शेक एका गाठीला, उतार दुसरीला

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये २०१० च्या डिसेंबरात एका स्त्रीच्या कण्यालगतच्या गाठीला रेडिएशन दिलं गेलं. तिला मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर होता आणि तो शरीरात पसरला होता. २००४ मध्ये आजार उघडकीस आला तेव्हा ती ३३ वर्षांची होती. इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध २००९ पासून चालू होतं, तरी आजार हळूहळू पुढे सरकतच होता. कण्याजवळची गाठ दुखू लागली, तेव्हा तेवढी वेदना तरी कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी सात दिवसांत तीन वेळा शेक दिला, एकूण मात्रा २८.५ ग्रे. ती गाठ आक्रसली, यात नवल नव्हतं. पण पुढच्या काही महिन्यांत तिच्या प्लीहेतल्या गाठी आणि उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या लसिकाग्रंथीही लहान होत गेल्या. तिथे तर किरण पोचलेच नव्हते.

मार्च २०१२ मध्ये हा वृत्तांत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि कॅन्सरतज्ज्ञांच्या वर्तुळात खळबळ उडाली. उपचार करणाऱ्या चमूनं या रुग्णाच्या रक्ताचे नमुने वेळोवेळी जपून ठेवले होते. कॅन्सरपेशींतल्या एका विशिष्ट प्रथिनाविरुद्धची तिची प्रतिपिंडं रेडिएशननंतर तीस पटींहून अधिक वाढलेली त्यांत दिसली. शेक एका जागी दिला, पण जाग आली ती सगळ्या शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेला.

असं काही घडू शकतं, हे नोंदवलं होतं १९५३ मध्ये आर. एच. मोल या ब्रिटिश वैज्ञानिकानं. किरण न लागलेल्या भागावरही किरणांचा परिणाम दिसतो, त्याला त्यानं ‘अ‍ॅब्स्कोपल’ परिणाम असं नाव दिलं. पण नाव मिळालं तरी प्रत्यक्षात तो क्वचितच दिसे. १९६९ ते २०१४ या काळातलं वैद्यकीय साहित्य चाळून केलेल्या एका आढाव्यात अशा रुग्णांचे जेमतेम ४६ वृत्तांत सापडले. कॅन्सरच्या निम्म्या रुग्णांना कधी ना कधी रेडिएशन द्यावं लागतं. एवढ्या मोठ्या संख्येत ४६ म्हणजे जवळपास काहीच नाही. त्यामुळे अनेक दशकं डॉक्टरांनी याकडे कुतूहलानं पाहिलं, पण त्यावर उपचार उभा करता येईल असं फारसं कुणाला वाटलं नाही.

मेमोरियल स्लोन केटरिंगच्याच इतिहासात रेडिएशन आणि इम्युनोथेरपी कधीकाळी एकमेकांसमोर उभ्या ठाकल्या होत्या. विल्यम कोली हा तरुण शल्यविशारद १८९० च्या सुमारास जुनी रुग्णपत्रं धुंडाळत होता. मानेतला सार्कोमा शस्त्रक्रियेला दाद देत नसलेल्या एका रुग्णाला धावरे झालं, सडकून ताप आला आणि त्यातून तो उठला तेव्हा गाठ नाहीशी झाली होती, अशी एक नोंद त्याला सापडली. १८९१ मध्ये कोलीनं स्वतःच एका रुग्णाच्या गाठीत धावरे घडवणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू टोचले. रुग्णाला जीवघेणा ताप आला, पण गाठ विरघळली आणि तो पुढे काही वर्षं जगला. नंतर कोली मारलेल्या जंतूंचं मिश्रण वापरू लागला. त्याच रुग्णालयात जेम्स एविंग हे विकृतिशास्त्रातलं मोठं नाव होतं. हाडांच्या एका कॅन्सरला आजही त्यांचं नाव आहे. एविंग यांचा भरवसा रेडियम आणि क्ष-किरणांवर होता, कोलीच्या जंतूंवर नव्हता. रेडिएशनचा परिणाम मोजता येई, पुन्हा पुन्हा मिळवता येई, आणि कोलीचं मिश्रण मात्र कधी लागू पडे, कधी नाही. त्या काळात एविंग यांची बाजू घेणं चुकीचं नव्हतं. कोलीचे रुग्ण खरोखर का बरे झाले, हे सांगायला लागणारं रोगप्रतिकारशास्त्रच तेव्हा जन्माला यायचं होतं.

रेडिएशन कसं काम करतं याचं जुनं स्पष्टीकरण सरळ होतं. किरण पेशीतला डीएनए तोडतात, तुटलेला डीएनए घेऊन पेशी विभागायला जाते आणि मरते. पण १९७९ मध्ये अमेरिकेत हेलन स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगानं या स्पष्टीकरणातली उणीव उघड केली. निरोगी प्रतिकारशक्तीच्या उंदरांची गाठ बरी करायला जेवढं रेडिएशन लागलं, त्याच्या दुपटीहून अधिक प्रतिकारशक्ती दुबळी केलेल्या उंदरांना लागलं. गाठ तीच आणि किरणही तेच होते. म्हणजे किरणांचं निम्मं काम शरीर स्वतः करत होतं.

हे काम कसं होतं, ते गेल्या वीस वर्षांत बरंचसं उलगडलं आहे. किरणांनी जखमी झालेल्या कॅन्सरपेशीच्या केंद्रकातून डीएनएचे तुकडे बाहेर, पेशीद्रवात सांडतात. निरोगी पेशीत डीएनए तिथे नसतो, तो दिसला की बहुधा विषाणू शिरलेला असतो. म्हणून ‘सी-गॅस’ नावाचं प्रथिन त्यावर नजर ठेवून असतं. ते ‘स्टिंग’ या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं आणि पेशी इंटरफेरॉन सोडू लागते. विषाणूसाठी राखलेली ही धोक्याची घंटा कॅन्सरपेशीच्या हातून स्वतःविरुद्धच वाजते. त्याच वेळी मरू घातलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन आणते. ते पाहून वृक्षिका पेशी तिला गिळतात, तिचे अवशेष घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या टी पेशींना शत्रूची ओळख पटवतात. शिकून तयार झालेल्या टी पेशी मग रक्तातून सगळीकडे फिरतात. दूरच्या गाठीत तीच खूण दिसली तर तिथेही हल्ला करतात.

एवढी चोख व्यवस्था असूनही अ‍ॅब्स्कोपल परिणाम इतका दुर्मीळ का? कारण किरण दोन्ही बाजूंना बळ देतात. गाठीत प्रतिकारशक्ती दडपणारी टीजीएफ-बीटासारखी रसायनं रेडिएशननंतर वाढतात. टी पेशी तर किरणांना फारच नाजूक असतात, शेकाच्या वाटेत आलेल्या लिम्फोसाइट पेशी थोड्याशा मात्रेनंही मरतात. त्यातून ज्या टी पेशी गाठीपर्यंत पोचतात, त्यांच्या पृष्ठभागावरचे ब्रेक कॅन्सर दाबून धरतो.

हे ब्रेक शोधणाऱ्यांना २०१८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. जपानच्या तासुकू होंजो यांच्या गटानं १९९२ मध्ये पीडी-१ हे प्रथिन शोधलं. अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की सीटीएलए-४ हा ब्रेक सैल केला की उंदरांच्या गाठी वितळतात. त्यातूनच २०११ मध्ये इपिलिमुमॅब आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली. पसरलेल्या मेलानोमाचे काही रुग्ण दहा-दहा वर्षं जगू लागले, हे याआधी फारच क्वचित दिसे. तरीही बहुतेक कॅन्सरांत या औषधांचा गुण निम्म्याहून कमी रुग्णांना येतो. काहींच्या गाठीत टी पेशी शिरलेल्याच नसतात. डॉक्टर अशा गाठींना ‘थंड’ म्हणतात. तिथे टी पेशीच नाहीत, तर ब्रेक सैल करून काय होणार?

रेडिएशनची गरज नेमकी इथे लागते. टी पेशींना शिकवून गाठीकडे आणायचं काम शेकानं करावं आणि त्या तिथे पोचल्यावर त्यांना थकू न देण्याचं काम औषधानं करावं, अशी ही जोडी आहे. न्यूयॉर्कमध्ये सिल्विया फॉर्मेंटी आणि सँड्रा डेमारिया या दोघींनी, एकीनं रुग्णांवर आणि दुसरीनं उंदरांवर, हा विचार चिकाटीनं तपासला. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की अ‍ॅब्स्कोपल परिणामासाठी टी पेशी लागतातच, ज्या उंदरांत त्या नव्हत्या त्यांच्यात परिणाम दिसला नाही. २००९ मध्ये त्यांच्या गटाच्या प्रयोगात २० ग्रे एकदम देण्यापेक्षा ८ ग्रेचे तीन शेक सरस ठरले. याचं कारण २०१७ मध्ये कळलं. एका वेळची मात्रा साधारण १२ ते १८ ग्रेच्या वर गेली की पेशी ‘ट्रेक्स-१’ हे विकर तयार करते आणि ते पेशीद्रवात सांडलेला डीएनए साफ करून टाकतं. मग घंटा वाजतच नाही. गाठ जाळायला जी मात्रा उत्तम, ती प्रतिकारशक्ती जागवायला उत्तम असेलच असं नाही. रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या शंभर वर्षांच्या सवयीला धक्का देणारा हा निष्कर्ष आहे.

२०१८ मध्ये फॉर्मेंटी यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ३९ रुग्णांचे निकाल मांडले. या कॅन्सरात इपिलिमुमॅब एकटं जवळजवळ निरुपयोगी ठरलं होतं. एका गाठीला शेक आणि सोबत इपिलिमुमॅब दिल्यावर १८ टक्के रुग्णांच्या इतर गाठी आक्रसल्या. रुग्ण थोडे, टक्केवारीही माफक. पण ज्या औषधाला हा कॅन्सर दाद देत नव्हता, तेच शेकाच्या सोबतीनं काहींना लागू पडलं, ही गोष्ट मोठी होती.

सर्वसामान्य लोकांपर्यंत ही जोडी पोचली ती जिमी कार्टर यांच्यामुळे. अमेरिकेच्या या माजी अध्यक्षांनी ऑगस्ट २०१५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, आपल्याला मेलानोमा असून तो मेंदूत चार ठिकाणी पसरल्याचं जाहीर केलं. यकृतातली गाठ आधीच शस्त्रक्रियेनं काढली होती. मेंदूतल्या ठिपक्यांना नेमकं रेडिएशन आणि सोबत पेम्ब्रोलिझुमॅब असा उपचार झाला. त्याच डिसेंबरात तपासणीत कॅन्सरची खूण उरली नसल्याचं त्यांनी सांगितलं. ते वारले २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी ओलांडून. त्यांच्या बरं होण्याचं श्रेय शस्त्रक्रियेला किती, शेकाला किती आणि औषधाला किती, हे एका माणसाच्या उदाहरणावरून ठरवता येत नाही. त्यासाठी शेकडो रुग्णांची, दोन गट पाडून केलेली चाचणीच लागते.

अशा चाचण्यांचा हिशेब आज संमिश्र आहे आणि तो जसा आहे तसाच वाचकांपुढे यायला हवा. सर्वांत भक्कम यश मिळालं ते फुप्फुसाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या, शस्त्रक्रिया होऊ न शकणाऱ्या कॅन्सरात. ‘पॅसिफिक’ या ७१३ रुग्णांच्या चाचणीत केमो आणि रेडिएशन पूर्ण झाल्यावर वर्षभर दुर्वालुमॅब हे ब्रेक सैल करणारं औषध दिलं गेलं. पाच वर्षांनी या गटातले ४२.९ टक्के रुग्ण हयात होते, औषध न मिळालेल्या गटातले ३३.४ टक्के. पुढे ‘पॅसिफिक-२’मध्ये तेच औषध रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून सोबत देऊन पाहिलं, तर फायदा दिसला नाही. यावरून शेक आधी आणि औषध नंतर, असा नियम बांधावासा वाटतो. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरात १,०६० स्त्रियांवर झालेल्या ‘कीनोट-ए१८’ चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब केमो-रेडिएशनच्या सोबतच सुरू केलं होतं आणि नंतरही चालू ठेवलं होतं. तीन वर्षांनी ८२.६ टक्के स्त्रिया हयात होत्या, नुसत्या केमो-रेडिएशनच्या गटात ७४.८ टक्के. याच कॅन्सरात दुर्वालुमॅबची तशीच चाचणी मात्र अपयशी ठरली. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, त्यामुळे हे आकडे आपल्याकडच्या डॉक्टरांनी बारकाईनं पाहिले नसते तरच नवल.

महाराष्ट्राला ज्याची सर्वाधिक धास्ती, त्या तोंड-घशाच्या कॅन्सरात पहिल्या मोठ्या चाचणीनं निराशा केली. ६९७ रुग्णांच्या ‘जॅव्हलिन’ चाचणीत एका गटाला केमो-रेडिएशनसोबत अ‍ॅव्हेलुमॅब हे तसंच औषध दिलं गेलं आणि उपयोग झाला नाही. ‘कीनोट-४१२’ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबलाही हवा तेवढा फरक दाखवता आला नाही. अपयशाचं एक पटण्याजोगं कारण संशोधक सांगतात. या कॅन्सरात खबरदारी म्हणून मानेतल्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथींना अनेक आठवडे शेक दिला जातो. ज्या ग्रंथींत टी पेशींनी शिकायचं, त्याच भाजल्या जातात. तसं असेल तर औषध शस्त्रक्रियेच्या आधी, ग्रंथी शाबूत असताना सुरू करावं. २०२५ मध्ये ‘कीनोट-६८९’ चाचणीनं हेच केलं. शस्त्रक्रियेपूर्वी पेम्ब्रोलिझुमॅब, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशनसोबत आणि नंतरही औषध, असा क्रम ठेवल्यावर आजार न उलटता जाणारा काळ स्पष्टपणे लांबला. औषध तेच होतं, क्रम बदलला आणि निकाल बदलला.

पसरलेल्या आणि औषधांना न बधणाऱ्या कॅन्सरात दूरच्या गाठी वितळतात का, हा मूळ प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. नेदरलँड्स आणि ह्यूस्टन इथल्या दोन चाचण्यांतले फुप्फुसाच्या कॅन्सरचे १४८ रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा शेक न लागलेल्या गाठी आक्रसण्याचं प्रमाण शेक आणि पेम्ब्रोलिझुमॅब मिळालेल्यांत ४१.७ टक्के, नुसत्या औषधाच्या गटात १९.७ टक्के निघालं. उलट न्यूयॉर्कमध्ये तोंड-घशाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गाठीला शेक देऊन काहीच फरक पडला नाही. २०२५ मध्ये मात्र डच चाचणीच्या नमुन्यांचा नव्यानं अभ्यास झाला. ७२ रुग्णांच्या रक्ताचे आणि गाठींचे २९३ नमुने त्यात तपासले गेले. ज्या गाठी आधी थंड होत्या, त्यांना स्वतःला शेक मिळालेला नसतानाही त्यांच्यात टी पेशी दाटल्याचं दिसलं आणि अशा रुग्णांचं आयुष्यही वाढलं. ही जोडी सगळ्यांना सरसकट देण्यापेक्षा ज्यांच्या गाठी थंड आहेत त्यांना निवडून द्यावी, हा त्यातून निघणारा अर्थ आहे. सध्याच्या पुराव्यांत हाच सर्वांत आशादायक धागा आहे.

धोकेही सांगायला हवेत. ब्रेक सैल झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्या अवयवांवरही उलटते. आतड्यांना सूज येऊन जुलाब, थायरॉइड बिघडणं, यकृताचा दाह हे त्यातले नेहमीचे त्रास. छातीला शेक मिळालेल्या रुग्णात रेडिएशन आणि औषध दोन्हीही फुप्फुसाचा दाह घडवू शकतात. अशा रुग्णाला कोरडा खोकला किंवा दम लागायला लागला तर ‘सर्दी असेल’ म्हणून घरी थांबू नये, त्याच दिवशी कळवावं. वेळेत स्टेरॉइड मिळाली तर बहुतेक रुग्ण सावरतात.

आपल्याकडे मोठी भिंत पैशाची आहे. इम्युनोथेरपीच्या पूर्ण मात्रेचा खर्च काही लाखांच्या घरात जातो, महिन्या-महिन्यानं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी या भिंतीला थेट हात घातला. निव्होलुमॅबची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरात दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, सोबत स्वस्त तोंडी गोळ्या. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभरानं हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. या चाचणीत रेडिएशन नव्हतं. पण मात्रा दहाव्या हिश्श्याहून कमी करूनही गुण येतो, हे कळल्यावर शेकासोबत अशी अल्प मात्रा तपासणं हे भारतीय केंद्रांचं काम आहे. श्रीमंत देशांतल्या औषध कंपन्या ते करणार नाहीत, कमी औषध विकण्यात त्यांचा लाभ नाही. गुटखा-तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे जगातले सुमारे एक तृतीयांश रुग्ण भारतात आहेत. या प्रश्नाचं उत्तर इथेच शोधायला हवं.

दुसरी अडचण यंत्रांची. तीन शेकांत मोठी मात्रा नेमकी गाठीवरच पाडायची, तर श्वासागणिक हलणाऱ्या गाठीचा माग ठेवणारा लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर आणि त्यावर काम करणारा प्रशिक्षित भौतिकतज्ज्ञ लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भाभाट्रॉनसारख्या कोबाल्ट यंत्रांनी लहान शहरांतल्या असंख्य रुग्णांना दिलासा दिला आहे, पण हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

घरातल्या रुग्णासाठी कुणी शेक आणि इम्युनोथेरपी एकत्र सुचवली तर दागिने मोडण्याआधी किंवा जमीन विकण्याआधी डॉक्टरांना थेट विचारावं: या कॅन्सरात, या टप्प्यावर ही जोडी सिद्ध झालेली आहे, की हा प्रयोग आहे? सिद्ध असेल तर कोणत्या क्रमानं देणार? प्रयोग असेल तर तो नोंदणीकृत चाचणीत व्हावा. भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य पाहता येते. चाचणीतल्या उपचारानं इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात असतील आणि त्याची कुठे नोंदही नसेल, तर दुसऱ्या कॅन्सर केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय होकार देऊ नये.